"याआधी कुठल्या कंपनीने तुम्हाला विमा नाकारला होता का?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्या नावाने कोण देतंय?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण दारात चारचाकी उभी असेल तर वाचाच. दुचाकीवाल्यांनीही वाचली तर बिघडत नाही.

गाडीच्या विम्याच्या प्रपोजल फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो. शब्द कंपनीगणिक थोडे बदलतात, पण मतलब एकच. याआधी कुठल्या विमा कंपनीने तुमचा प्रस्ताव नाकारला आहे का, पॉलिसी रद्द केली आहे का, नूतनीकरणाला नकार दिला आहे का, किंवा जादा प्रीमियम वा खास अट लावली आहे का? खाली दोन चौकोन. हो आणि नाही.

मागच्या महिन्याभरात वाघोलीत, केसनंदला आणि लोहगाव रस्त्याला भेटेल त्या गाडीवाल्याला मी विचारत होतो की हा प्रश्न तुम्ही कधी वाचलाय का. एकानेही हो म्हटलं नाही. बहुतेकांचं उत्तर, "असं काही विचारतात होय?" विचारतात. आणि तुमच्या पॉलिसीत त्याचं उत्तरही गेलेलं असतं. ते जवळजवळ नेहमी "नाही" असतं आणि ते तुम्ही दिलेलं नसतं.

हा विषय डोक्यात शिरला तो बकोरी रस्त्याला राहणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांमुळे. नाव सांगत नाही, कंपन्यांची नावंही नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. त्यांच्या गाडीची पॉलिसी संपली आणि चार महिने तशीच राहिली. घरात आजारपण होतं, लक्ष गेलं नाही. मग एका एजंटामार्फत एका कंपनीकडे अर्ज केला, पैसे भरले. पॉलिसीत खंड पडला की कंपनी गाडी बघितल्याशिवाय फर्स्ट पार्टी देत नाही. तपासणीचा माणूस आला, मोबाईलवर गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला, बंपर फुटलेला आणि मागच्या दाराला चेप आहे हे बघितलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला की तपासणी पास झाली नाही, पैसे परत येतील. आलेही.

यांनी गॅरेजला गाडी नेली, बंपर बदलला, चेप काढून घेतली. दुसऱ्या एजंटाने दुसऱ्या कंपनीची पॉलिसी काढून दिली. या वेळी तपासणी व्यवस्थित पार पडली. एजंटाने एक ओटीपी मागितला, यांनी तो फोनवरून सांगितला. पॉलिसीची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली आणि विषय संपला.

पाच महिन्यांनी नगर रोडला पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला आणि यांची गाडी मागून आदळली. माणसं सुखरूप, पण गाडीचं नाक गेलं. गॅरेजचा अंदाज पावणेदोन लाखांच्या वर. सर्व्हेअर आला, गप्पा झाल्या, चहा झाला. गप्पांच्या ओघात हे म्हणाले, "आधीच्या कंपनीने तर डेंट बघून नाकारलंच होतं, बरं झालं तुमची घेतली."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. प्रस्ताव भरताना आपण आधीच्या नकाराबाबत "नाही" असं उत्तर दिलं आहे, खुलासा करावा, अन्यथा दावा नाकारण्यात येईल.

गृहस्थ पत्र घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "दादा, मी कधी नाही म्हणालो?" आणि ते खरंच म्हणाले नव्हते. मला या सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की खरं सांगितलं असतं तरी त्यांना पॉलिसी बहुधा मिळालीच असती. "हो, अमुक कंपनीने बंपर फुटलेला म्हणून तपासणीत नाकारलं होतं, आता दुरुस्ती झाली आहे, बिल सोबत" एवढी एक ओळ लिहायची होती. ज्या कारणासाठी नाकारलं ते कारणच उरलेलं नव्हतं. खोटं बोलून एक रुपयाचा फायदा नव्हता. पण एजंटाला फॉर्म पटकन पुढे सरकवायचा होता. "हो" वर टिक केली की फाईल थांबते, कंपनीतून प्रश्न येतात. "नाही" वर टिक केली की पॉलिसी दोन मिनिटांत.

आता मुद्द्यावर येतो. नाकारणं म्हणजे नेमकं काय? इथे बरीच माणसं दोन्ही बाजूंनी चुकतात. काही जण खरा नकार लपवतात, आणि काही जण उगाच घाबरून जे नकार नाहीतच तेही नकार समजतात.

मोबाईलवर गाडीचा नंबर टाकला, चार कंपन्यांचे आकडे आले आणि पाचवीच्या रकान्यात "या गाडीसाठी प्लॅन उपलब्ध नाही" असं दिसलं, तर माझ्या समजुतीप्रमाणे हा नकार नव्हे. तुम्ही प्रस्तावच दिलेला नाही. कंपनीने तुमची माहिती बघून, विचार करून निर्णय घेतलेला नाही. त्यांच्या यंत्रात पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना किंवा अमुक मॉडेलला फर्स्ट पार्टी नाही असं बसवलेलं असतं, ते सगळ्यांनाच लागू. एजंट फोनवर म्हणाला, "ती कंपनी तुमची गाडी घेणार नाही, आपण दुसरीत टाकू," तरी तो एजंटाचा अंदाज. कंपनीपर्यंत काही गेलेलंच नाही.

पण फॉर्म भरला, पैसे भरले किंवा तपासणी झाली, आणि त्यानंतर कंपनीने नको म्हटलं, पैसे परत केले, तर तो नकार आहे. कागदावर "नाकारलं" हा शब्द असो वा नसो. बकोरी रस्त्याच्या गृहस्थांचं प्रकरण या खान्यात पडतं. त्यांना वाटलं तपासणीत नापास झालो एवढंच, नकार कुठे? पण प्रस्ताव दिला होता आणि तो स्वीकारला गेला नाही, याला दुसरं नाव काय देणार?

चालू पॉलिसी कंपनीने मध्येच रद्द केली असेल, तर तेही सांगायचं. यात एक बारीक गोष्ट आहे. चेक वटला नाही म्हणून पॉलिसी रद्द झाली, असं आपल्याकडे बऱ्याच जणांचं झालेलं असतं. विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबीप्रमाणे प्रीमियम हातात आल्याशिवाय कंपनी जोखीम घेऊ शकत नाही, त्यामुळे पैसे न आल्याने ती रद्द करते. माणसाला वाटतं, त्यात माझा काय दोष, बँकेचा घोळ होता. असेल. पण प्रश्न "रद्द झाली होती का" असा असेल तर उत्तर "हो", आणि पुढे कारण लिहायचं.

पॉलिसी दिली, पण झिरो डेप दिलं नाही, किंवा दोन-तीन क्लेम झालेत म्हणून ठरावीक रक्कम आधी तुम्ही भरायची अशी अट टाकली. हा पूर्ण नकार नाही. पण फॉर्ममधला प्रश्न खास अटींबद्दलही विचारत असेल, तर हेही सांगावं लागतं. म्हणून प्रश्न शब्द न् शब्द वाचायचा. "कधीही" विचारलंय की मागच्या तीन वर्षांचं? तुमच्याबद्दल विचारलंय की फक्त या गाडीबद्दल? नकाराबद्दलच की अटींबद्दलही? जे विचारलं आहे त्याचं खरं उत्तर द्यायचं. आणि शंका असेल तर सांगून मोकळं व्हायचं. जास्त सांगितलं म्हणून कुणाचा क्लेम बुडाल्याचं माझ्या वाचनात नाही.

थर्ड पार्टीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती प्रत्येकाला माहीत हवी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. पकडलं तर कलम १९६ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार दंड किंवा दोन्ही, पुन्हा पकडलं तर दंड चार हजार. सरकार जी गोष्ट सक्तीची करतं ती दुकानदाराला "नाही" म्हणता येऊ नये, हे साधं तर्कशास्त्र आहे, आणि विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, कंपन्यांना हे अनेकदा बजावलं आहे. थर्ड पार्टीचे दरही कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं. १ जून २०२२ च्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये, अधिक कर. तेव्हा कुणी "तुमच्या जुन्या गाडीचं थर्ड पार्टी आम्ही करत नाही" म्हणालं, तर तसं लेखी द्या म्हणायचं. बहुतेक वेळा लेखी देण्याऐवजी पॉलिसी मिळते.

तरीही थर्ड पार्टी नाकारण्याचा इतिहास आपल्याकडे मोठा आहे, आणि आपल्या वाघोलीचा त्याच्याशी संबंध आहे. दगडखाणी, क्रशर आणि दिवसरात्र पळणारे डंपर ही आपली जुनी ओळख. २०२१ मध्ये महानगरपालिकेत गेलो, टॉवर उभे राहिले, पण डंपर आहेतच. (पालिकेत जाऊन पाण्याचं काय झालं, यावर वेगळी पोस्ट लिहीन.) ट्रक, डंपर, टेम्पो यांचं नुसतं थर्ड पार्टी म्हणजे कंपन्यांना हमखास तोट्याचा धंदा वाटायचा. कुणी घ्यायला तयार नाही, म्हणून १ एप्रिल २००७ पासून सगळ्या कंपन्यांनी मिळून तोटा वाटून घ्यायचा एक सामायिक पूल केला गेला. तो पाच वर्षं चालला. २०१२ मध्ये तो मोडून दुसरा आला, त्याचं नावच होतं "डिक्लाइन्ड रिस्क पूल". म्हणजे नाकारलेल्या जोखमींचा साठा! नकार इतके नेहमीचे होते की त्यांच्यासाठी देशपातळीवर वेगळी व्यवस्था लावावी लागली. आणि हे सगळं कशासाठी, तर गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या घरच्यांना भरपाई मिळावी म्हणून. डिसेंबर २०२४ मध्ये केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर गेला, तिघे गेले, त्यात दोन लहान मुलं. आपण सगळ्यांनी तो फुटपाथ पाहिलाय. थर्ड पार्टी विमा असतो तो अशा माणसांसाठी, गाडीमालकासाठी नाही.

म्हणून म्हणतो, फॉर्ममधल्या खोट्या उत्तराचा धोका बंपरपुरता नाही. मोटार वाहन कायद्यातच कंपनीला एक बचाव दिलेला आहे. महत्त्वाची माहिती लपवून किंवा खोटी सांगून पॉलिसी घेतली असेल, तर पॉलिसी मुळातच रद्दबातल आहे असं कंपनी न्यायाधिकरणापुढे म्हणू शकते. आधी कलम १४९ मध्ये होतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर १५० मध्ये आहे. ते प्रत्येक वेळी टिकतंच असं नाही, सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची. पण टिकलं, तर अपघातातल्या माणसाची भरपाई कुणाच्या डोक्यावर येईल? गाडीमालकाच्या. ती रक्कम काही लाखांत असते, कधी त्याहून वर. एका टिकेमुळे गुंठाभर जमीन विकायची वेळ.

आता कोर्ट काय म्हणतं ते बघू. दोन निकाल सांगतो, दोन्ही सर्वोच्च न्यायालयाचे. गाडीच्या विम्याचे नाहीत, पण फॉर्म भरण्याबद्दलचं तत्त्व तेच आहे.

पहिला २०१९ चा, रिलायन्स लाइफ विरुद्ध रेखाबेन राठोड. आयुर्विमा घेताना फॉर्ममध्ये विचारलं होतं की दुसऱ्या कंपनीची पॉलिसी आहे का. दोनच महिन्यांपूर्वी दुसरीकडे पॉलिसी काढलेली असताना ती सांगितली नव्हती. माणूस गेल्यावर क्लेम नाकारला, आणि न्यायालयाने कंपनीची बाजू घेतली. मी न वाचता सही केली, फॉर्म दुसऱ्याने भरला, ही सबब साधारणपणे चालत नाही असं त्यात स्पष्ट आहे. सही तुमची, तर उत्तर तुमचं.

दुसरा डिसेंबर २०२१ चा, मनमोहन नंदा विरुद्ध युनायटेड इंडिया. अमेरिकेला जाताना घेतलेली मेडिक्लेम, तिथे उतरल्यावर हृदयविकाराचा झटका, कंपनीने माहिती लपवली म्हणत क्लेम नाकारला. इथे न्यायालय विमेदाराच्या बाजूने उभं राहिलं. या निकालातला आपल्या कामाचा भाग असा, की फॉर्ममधला रकाना कोरा असेल तर कंपनीने तो भरून मागायला हवा. कोरा असूनही प्रीमियम घेतला आणि पॉलिसी दिली, तर क्लेमच्या वेळी "तुम्ही लपवलं" म्हणता येणार नाही.

दोन्ही एकत्र ठेवून बघा. कोरा रकाना कंपनीच्या अंगावर येतो, चुकीचा भरलेला रकाना तुमच्या अंगावर. आणि ऑनलाइन फॉर्ममध्ये रकाना कोरा राहूच शकत नाही, कारण टिक केल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, काही ठिकाणी तर "नाही" आधीच टिक केलेलं येतं. म्हणजे कागदावरच्या फॉर्मच्या काळात सामान्य माणसाला जे संरक्षण होतं, ते मोबाईलने अलगद काढून घेतलं. यावर कुणी बोलत नाही.

तसंच ओटीपीचं. पूर्वी एजंट कोऱ्या फॉर्मवर सही घ्यायचा, तेव्हा निदान हातात पेन यायचं, माणूस क्षणभर थांबायचा. आता "दादा, एक ओटीपी आलाय बघा, सांगा पटकन" एवढंच. तुम्ही गाडी चालवताय, दुकानात गिऱ्हाईक आहे, तुम्ही सहा आकडे सांगून टाकता. ती तुमची सही असते. बँकेचा ओटीपी कुणाला सांगू नका हे आपण शिकलो, विम्याचा मात्र खुशाल सांगतो.

एजंटांवर सगळं ढकलायचं नाहीये. आपल्या भागात चांगले एजंट आहेत, रात्री अकराला अपघातस्थळी येणारे आहेत. मी दोघातिघांशी बोललो. एक जण सरळ म्हणाला, "भाऊ, गिऱ्हाइकालाच नको असतं. प्रश्न वाचून दाखवायला लागलो की म्हणतो, तू बघ रे सगळं, स्वस्तात बसव." हेही खरं आहे. पाचशे रुपये कमी करण्यासाठी आपण तीन एजंट फिरवतो आणि फॉर्म वाचायला पाच मिनिटं देत नाही.

असंच दुसरं खोटं एनसीबीचं, आणि ते तर सर्रास चालतं. वर्षभर क्लेम नाही केला की पुढच्या वर्षी स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियममध्ये २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि ५० टक्क्यांपर्यंत. क्लेम केला की सूट गेली, पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तरी गेली. पण कंपनी बदलताना फॉर्मवर "मागच्या वर्षी क्लेम नाही" लिहून ५० टक्के लाटले जातात. इंडिया मोटर टॅरिफमध्ये तर नव्या कंपनीने २१ दिवसांत जुन्या कंपनीकडून खात्री करून घ्यावी असं लिहिलं आहे. म्हणजे खात्री करण्याचं काम कंपनीचंही आहे. पण पॉलिसी विकताना ही तपासणी आठवत नाही, क्लेम आला की आठवते. आणि आता कंपन्यांच्या पॉलिसी-क्लेमची माहिती इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे एकत्र जमा होते. "त्या कंपनीचं या कंपनीला काय कळतंय" हे दिवस गेले.

कंपन्यांची बाजूही थोडी समजून घेतली पाहिजे. हा प्रश्न ते का विचारतात? विम्याचा सगळा व्यवहार एकमेकांच्या सांगण्यावर चालतो. गाडी तुमची, तिची कुंडली तुम्हाला माहीत, कंपनीला नाही. दुसऱ्या कुणी नको म्हटलं असेल तर का म्हटलं, हे तिला जाणून घ्यायचं असतं. नियमांत "मटेरियल" माहितीची व्याख्या आहे: जोखीम घ्यायची की नाही, हे ठरवण्यासाठी जी महत्त्वाची आणि गरजेची ती. आधीचा नकार त्यात बसतो यात वाद नाही. पण मग कंपनीनेही त्याच प्रामाणिकपणाने वागावं ना. नकार देताना काय करता? "रिफंड प्रोसेस्ड" असा एक एसएमएस. नाकारलं हा शब्द नाही, कारण नाही, पुढच्या वेळी हे सांगावं लागेल ही सूचना नाही. २००२ च्या पॉलिसीधारक संरक्षण नियमांत तेव्हाच लिहिलं होतं की प्रस्तावावरचा निर्णय १५ दिवसांत लेखी कळवायचा. ज्या माणसाला आपल्याला नाकारलंय हेच नीट कळवलेलं नाही, त्याने ते दुसऱ्याला सांगितलं नाही म्हणून त्याचा क्लेम बुडवायचा, हा कुठला न्याय?

त्याच नियमांत आणखी दोन गोष्टी होत्या. भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत पॉलिसीधारकाला फुकट द्यायची. आणि फॉर्म गरजेनुसार राज्यघटनेने मान्य केलेल्या भाषांमध्ये उपलब्ध करून देता येतील. मराठी त्यात आहे. मी मराठी प्रपोजल फॉर्म शोधला, वाघोलीत एकाही एजंटाकडे मिळाला नाही. जाहिरात मराठीत, होर्डिंग मराठीत, कॉल सेंटरची ताई "नमस्कार" मराठीत म्हणते, आणि ज्या कागदावर तुमचा क्लेम टिकणार की बुडणार ते ठरतं, तो तेवढा इंग्रजीत.

ब्रिटनमध्ये हीच भांडणं शंभर वर्षं चालली. शेवटी त्यांनी २०१२ मध्ये कायदा केला, एप्रिल २०१३ पासून लागू झाला. घरगुती ग्राहकाने आपणहून सगळं उघड करण्याची जबाबदारी काढून टाकली. कंपनी जे स्पष्ट विचारेल त्याचं काळजीपूर्वक उत्तर द्यायचं, बस. उत्तर चुकलं तर ते मुद्दाम होतं की निष्काळजीपणे, हे बघायचं. निष्काळजीपणे असेल आणि थोडा जास्त प्रीमियम घेऊन कंपनीने पॉलिसी दिलीच असती, तर क्लेमही त्या प्रमाणात द्यायचा. सगळाच बुडवायचा नाही. आपल्याकडे असा कायदा असता तर बकोरी रस्त्याच्या गृहस्थांच्या हातात आज काहीतरी नक्की पडलं असतं. आपल्या खासदार-आमदारांनी रस्त्याच्या खड्ड्यांसोबत हाही विषय एकदा घ्यावा. कागदावरचा खड्डा आहे हा, दिसत नाही एवढंच.

"पण खरं सांगितलं आणि पॉलिसीच दिली नाही तर?" असं मला चार जणांनी विचारलं. थर्ड पार्टी मिळणारच. फर्स्ट पार्टी एखादी कंपनी नाही देणार, दुसरी थोडे जास्त घेऊन देईल. आणि कुणीच दिली नाही, तर निदान तुम्हाला माहीत असेल की गाडीला स्वतःच्या नुकसानीचं कवच नाही, तुम्ही त्या हिशोबाने चालवाल, बाजूला चार पैसे ठेवाल. खोट्या टिकेवर मिळालेली फर्स्ट पार्टी ही त्याहून वाईट. प्रीमियम भरता, निर्धास्त राहता आणि वेळ आली की कळतं, काहीच नव्हतं.

नव्या गाडीवाल्यांसाठी एक सांगायचं राहिलं. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचं थर्ड पार्टी एकदमच घ्यावं लागतं, पण स्वतःच्या नुकसानीचं कवच बहुतेक वेळा एकाच वर्षाचं असतं. शोरूमवाला "तीन वर्षांचा इन्शुरन्स आहे" म्हणतो, आपण निवांत. वर्षानंतर निम्मी पॉलिसी संपलेली असते, आणि पुढे खंड, तपासणी, नकार, सगळं तिथून सुरू होतं. आज घरी गेल्यावर पॉलिसी काढून दोन्ही तारखा बघा.

ज्यांची पॉलिसी आधीच निघाली आहे त्यांनी भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत कंपनीला ईमेल करून मागा. एजंटाला नाही, कंपनीला. तो तुमचा कागद आहे. त्यात काही चुकीचं दिसलं, तर अपघात व्हायची वाट न बघता लगेच ईमेलने कळवा की हे उत्तर मी दिलेलं नाही, खरी परिस्थिती अशी आहे, दुरुस्ती करून द्यावी. कदाचित प्रीमियम थोडा वाढेल. वाढू द्या. ज्यांना कुणी नाकारलं आहे, त्यांनी तो एसएमएस, तपासणीचा अहवाल, रिफंडची नोंद जपून ठेवा आणि कारण लेखी मागून घ्या.

आणि क्लेम नाकारलाच तर गप्प बसू नका. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. त्यांचं कार्यालय आपल्या पुण्यातच आहे, नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर, जीवन दर्शन इमारतीत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, फक्त कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर वर्षाच्या आत जायचं. प्राधिकरणाचं "बिमा भरोसा" पोर्टल आहे, १५५२५५ हा टोल फ्री नंबर आहे. ग्राहक आयोगाचा रस्ता आहेच.

आमच्या गृहस्थांनी खुलासा पाठवलाय. बंपर बदलल्याचं गॅरेजचं बिल जोडलं, दुसऱ्या कंपनीच्या स्वतःच्या तपासणीत गाडी पास झाल्याचं दाखवलं, उत्तर आपण दिलेलं नाही हेही लिहिलं. प्रपोजल फॉर्मची प्रत मागितली, ती आली. "नाही" वर टिक आहे, खाली सहीच्या जागी ओटीपीची वेळ आहे, सकाळी अकरा वाजून सात मिनिटं. त्या वेळी ते दवाखान्यात रांगेत उभे होते. कंपनीचं उत्तर यायचं आहे. आलं की इथेच लिहीन.

तोपर्यंत तुम्ही आपापल्या फॉर्मची प्रत मागवा आणि त्या प्रश्नापुढे काय टिक केलंय ते कमेंटमध्ये सांगा. फोटो टाकणार असाल तर नाव, गाडी नंबर आणि पॉलिसी नंबर झाकून टाका. कुणाकडे मराठीतला प्रपोजल फॉर्म असेल तर मला जरूर पाठवा, मला तो बघायचाच आहे.